नव्या डब्यात तुमची हार्डडिस्क

अहो, दिसली. तुमची हार्डडिस्क दिसली.

हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. तुम्ही असता तर मी स्टुडिओतूनच ओरडले असते आणि तुम्ही अंगाचा साबण तसाच ठेवून न्हाणीतून "खरं काय?" म्हणून विचारलं असतं. आता ओरडून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. सुखदेवभाऊ मनमिळाऊ होते, सुखदेवभाऊ कलावंत होते, सुखदेवभाऊंनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा कोण माणूस? माझा नवरा तर बिस्किट चहात तुटून पडलं की चहावर रागावणारा होता. कुठे जन्मलात, काय शिकलात, शेवटी काय झालं, ते सगळं बॅनरवर छापून झालं. ते मला पुन्हा लिहायचं नाही. मला कॉम्प्युटरचं लिहायचं आहे. ते काम तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात आणि मी ते पूर्ण केलं, एवढं तुम्हाला कळलं पाहिजे.

उन्हाळ्यात विजेची लाइन डबल आली ती दुपार आठवते ना? गल्लीतले तीन टीव्ही गेले, आपला फ्रिज गेला आणि स्टुडिओतून जळक्या रबराचा वास आला. तुम्ही जेवत्या ताटावरून उठलात. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, आत नाक घातलं आणि डॉक्टरसारखे म्हणालात, "सप्लाय गेला. बोर्ड बी गेला." मग सगळ्यात खालच्या खणातली हार्डडिस्क काढली. पिकलेलं सीताफळ धरावं तशी दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली, माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात केबलीसकट गुंडाळली आणि कपाटात ग्रंथांच्या कप्प्यात ठेवली. जेवण तसंच राहिलं.

"गेली असंन तं?" मी विचारलं.

"डबा गेला. हे नाही गेली."

"कायवरून म्हणता?"

"मी म्हणतो म्हून."

यावरून आपलं भांडण झालं. भांडण जुनंच होतं, फक्त त्या दिवशी त्याला कारण मिळालं. किती वर्षं मी म्हणत होते की दुसरी कॉपी काढून ठेवा. कामरगाव, आसेगाव, आजूबाजूची सगळी खेडी, सगळ्यांची लग्नं, वास्तू, शाळेची गॅदरिंगं, जयंतीच्या मिरवणुका त्या एका लोखंडी डबीत. जुन्या कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा तुम्ही एक अख्खा उन्हाळा खोलीत कोंडून घेऊन सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि नंतर त्या फेकून दिल्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, "बियाणं कोनी एकाच कणगीत ठेवते काय?" तुम्ही म्हणालात, "काढू ना, काढू." ते "काढू ना" तुम्ही पुढे कितीदा म्हणालात, ते तुम्हालाच ठाऊक.

मग एक दिवस पौर्णिमा आली.

तुम्हाला तिची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही, पण मला तिच्याबद्दल लिहायला बरं वाटतं. आपल्या मागच्या गल्लीतली. आई सुनंदा ताप येऊन गेली तेव्हा ही पोर पायावर उभीसुद्धा राहत नव्हती. तिच्या आत्यानं वाढवली, शिकवली, आता अमरावतीला दवाखान्यात नर्स आहे. लग्न ठरल्याचं सांगायला पेढे घेऊन आली होती. पेढे देऊन झाले तरी उठेना. शेवटी तुम्हीच म्हणालात, "काय पाह्यजे, सांग ना बाप्पा."

"काका, मामाच्या लग्नाची शूटिंग तुमी केली होती ना? आसेगावले?"

"केली होती."

"त्याच्यात माही आई हाय म्हणते मामा."

"असंन. बहीन होती नवरदेवाची. असंनच."

"मले पाह्याची हाय." मग ती जमिनीकडे बघून म्हणाली, "फोटो हाय माह्यापाशी, आधारकार्डाएवढा. चेहरा पाठ हाय मले. पण थे चालत कशी होती, बोलत कशी होती, हे कोनालेच सांगता येत नाई. सगळे म्हणतात, चांगली होती. चांगली म्हणजे कशी?"

तुम्ही कपाटाकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तिला म्हणालात, "तुह्या लग्नाच्या आत दाखवतो. हा माहा शब्द."

ती गेल्यावर मी तुमच्यावर चिडले. जळक्या डब्यातल्या डिस्कवर कोणी शब्द देतं का? तुम्ही नुसते हसलात. त्याच आठवड्यात कारंज्याला गेलात आणि पारसभाऊंच्या दुकानातून नवा कॉम्प्युटर सुटा सुटा घेऊन आलात. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एक छोटी नवी डिस्क, सप्लाय, रिकामा काळा डबा. एसटीत सगळी खोकी मांडीवर घेऊन बसलात म्हणे, कारण वर ठेवली तर आदळतील. कंडक्टरनं विचारलं, भाऊ, एवढं काय नेता? तर तुम्ही म्हणालात, "सून घेऊन चाललो." हे तुम्ही मला घरी येऊन सांगितलंत आणि स्वतःच हसलात. खोकी स्टुडिओच्या टेबलावर रचून ठेवली. "आयतवारी जोडू," म्हणालात.

आयतवार आला. तुम्ही नव्हता.

ते दिवस मी ओलांडून पुढे जाते. घर माणसांनी भरलं, मग रिकामं झालं. खोकी तिथेच होती. येणारा प्रत्येक जण त्यांच्यावर काहीतरी ठेवायचा, कोणी टोपी, कोणी मोबाइल, आणि मी ते उचलून बाजूला ठेवायची. अमोल पुण्याला परत निघाला तेव्हा म्हणाला, "आई, तू त्याले हात नको लावू. मी सुट्टीत येतो, मंग पाहू." त्याची सुट्टी पौर्णिमाच्या लग्नानंतर होती. पारसभाऊ भेटायला आले. तुमच्या फोटोपुढे हात जोडून बराच वेळ बसले. जाताना खोक्यांकडे पाहून हळूच म्हणाले, "वहिनी, सामान सीलबंद हाय. म्हणान तं परत घेतो. नाही तं माणूस पाठवतो, जोडून देईन. पण जुन्या डिस्कची आस धरू नका. एवढ्या करंटात वाचली असंन असं मले नाही वाटत."

"मी जोडते," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी विंडोज भरलेला पेनड्राइव्ह जीपवाल्याच्या हाती पाठवून दिला.

तुम्हाला वाटत असेल, हिला कुठून एवढी हिंमत आली. त्यात हिंमत नव्हती हो. बावीस वर्षं मी तुमच्या बाजूला बसले. लग्नाच्या व्हिडिओवर जी नावं यायची, नवरदेवाचं, नवरीचं, मामा-मामींचं, आहेरवाल्यांचं, ती सगळी माझ्या बोटांनी टाइप झालेली. हळदीला बायकांच्या घोळक्यात शिरायचा तुम्हाला संकोच, म्हणून तो कॅमेरा माझ्याकडे. आणि डबा उघडला की तुमची ठरलेली हाक, "रत्ना, टॉर्च धर." मी स्क्रूड्रायव्हर मागितला की तुम्ही म्हणायचात, "तू टॉर्चच धर." मी धरत गेले. टॉर्च धरणाऱ्याला सगळ्यात नीट दिसतं, हे तुमच्या कधी लक्षातच आलं नाही.

सकाळी झाडलोट झाल्यावर बसले. टेबलावर चादर अंथरली. तुमचं पहिलं शिकवणं आठवलं, "आधी खिडकीच्या गजाले हात लाव, अंगातला करंट उतरून जाते." गजाला हात लावला आणि हातातल्या बांगड्या गजावर वाजल्या. तुमचं दुसरं शिकवणंही आठवलं. "बांगड्या काढ, नाही तं बोर्डावर आपटशीन." तुम्ही असताना यावरूनही मी भांडायची.

तुम्ही गेल्यापासून या बांगड्यांवर पहारा होता, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या शांताआत्या पहिल्याच दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाल्या होत्या, "सूनबाई, काढून टाक. लोक पाहून राह्यले." मी म्हटलं, "आत्याबाई, आपल्या घरानं छप्पन साली दीक्षा घेताना काय काय सोडलं, ते तुमीच मले सांगतलं ना? हे बी त्याच्यातच गेलं." त्यांना ते पटलं नव्हतं. रोज यायच्या आणि आधी माझ्या मनगटांकडे बघायच्या.

त्या सकाळी मी बांगड्या काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवल्या आणि कामाला लागले. मदरबोर्ड डब्यात बसवला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक त्रिकोण खाली खुणेशी जुळवून ठेवला, दाबला नाही. तो दाबायचा नसतो, आपल्या वजनानं बसतो. लिव्हर खाली केली तेव्हा कर्र आवाज झाला, पण तो तसाच होतो. पंखा लावला. रॅम लावली, छोटी नवी डिस्क बसवली. सप्लायची जाड केबल, बारीक केबल. समोरच्या बटणाच्या त्या चार-सहा नखाएवढ्या वायरी लावताना तुम्ही ज्या शिव्या द्यायचात, त्या मीसुद्धा दिल्या. बरं वाटलं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

बसले तशीच. मग तुमच्यासारखी स्वतःशीच बोलायला लागले. पंखा फिरला म्हणजे करंट येतो. पडदा नाही म्हणजे रॅम पाहा. बंद केलं, रॅम काढली, परत लावली आणि या वेळी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्. आधी तो टक् वाजलाच नव्हता. बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली. मी टाळी वाजवली, एकटीनंच.

त्या टाळीच्या आवाजानं शांताआत्या आत आल्या. त्यांची नजर नेहमीसारखी आधी मनगटांवर गेली. हात रिकामे.

"काढल्या वाटते शेवटी," त्या म्हणाल्या. आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं, उलट थकल्यासारखं होतं.

"काढल्या नाही आत्याबाई, ठेवल्या. आत घासल्या असत्या म्हून." आणि तिथेच त्यांच्यासमोर एक एक करून परत चढवल्या. त्या बघत उभ्या. मी डावा हात झाला, उजवा हात झाला म्हणून हात झटकले, तर त्या वाकल्या. टेबलाच्या पायाशी गेलेली एक बांगडी त्यांनी उचलली, पदराला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"हे राह्यली," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "आता काय करशीन?"

आता तुमची डिस्क. पेनड्राइव्हवरून नव्या डिस्कवर विंडोज भरून झालं होतं. मशीन बंद केली, बांगड्या वर सारल्या, कपाटातून लुगड्याचा तुकडा आणला, सोडला. तुम्ही बांधलेली गाठ सोडायला मला जरा वेळ लागला, तेवढं समजून घ्या. तुम्ही सोबत ठेवलेलीच केबल तिला लावली, खणात सरकवली, चार स्क्रू आवळले. चालू केलं. डिस्क फिरायला लागली. डब्याला कान लावला तर पिठाच्या गिरणीनं पट्टा धरावा तसा घूं आवाज. मी आत्याबाईंना म्हटलं, "जिवंत हाय."

आणि पडद्यावर पाटी आली. डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

फॉरमॅट म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पाटी पुसून कोरी करणं. सगळी लग्नं, सगळी माणसं, सुनंदा, सगळं पुसून कोरं. आणि ते होय आणि नाही अगदी शेजारी शेजारी, बोट जरा घसरलं की संपलं. तुमचंच एक वाक्य आहे, मोबाइलवर काहीही दाबणाऱ्या अमोलला तुम्ही म्हणायचे, "मशीन इचारते म्हून हो म्हणाचं नसते." मी नाही दाबलं. मशीन बंद केली.

पारसभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, फॉरमॅट मागते म्हणजे मले तं गेलीच वाटते. पण उगा चालू-बंद करू नका. उद्या माणूस पाठवतो."

फोन ठेवला. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. पौर्णिमाला काय सांगायचं, तेच डोक्यात फिरत होतं. अन् खरं सांगू? तुमचा रागही आला. दुसऱ्या कॉपीचा राग, शब्द देऊन निघून गेल्याचा राग. टेबलापाशी उभी राहून मी तुम्हाला मोठ्यानं म्हटलं, "आता तुमीच सांगा काय करू!" आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

तुम्ही काही सांगितलं नाही. मीच टॉर्च घेतली, झाकण परत उघडलं आणि सवयीनं आत उजेड पाडला. या वेळी बघणारीही मी आणि करणारीही मी. केबलीच्या टोकाला, जिथे ती जुन्या बोर्डात लागत होती तिथे, प्लास्टिक किंचित तपकिरी झालं होतं. तव्यावर पापड जास्त वेळ राहिला की कडेनं होतो तसं. ही केबल त्या जळक्या डब्यातली. ती भाजली होती. डिस्क बोलत असेल, पण तिचा आवाज वाटेतच तुटत असेल, असं मला वाटलं. नव्या मदरबोर्डाच्या खोक्यात कोरी केबल पिशवीत तशीच पडली होती. जुनी काढली, नवी लावली. चालू केलं.

पाटी आली नाही. नुसती एक नवी ओळ आली, बाकी ओळींच्या खाली, आणि तिच्यापुढे तुम्ही कधीकाळी दिलेलं नाव होतं. "सुखदेव फोटो, हात लावू नये."

आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "आली काय?"

"आली!"

त्या उठून बाहेर गेल्या आणि अख्ख्या गल्लीला सांगत सुटल्या, "सुखदेवची मशीन चालू झाली! सूनबाईनं केली!" काय चालू झालं, हे त्यांना धड कळलं नव्हतं, पण त्यांच्या आवाजात जे होतं ते मला हवं होतं.

मी आत तुमच्या फोल्डरवर गेले तर मशीन म्हणते, तुम्हाला इथे जायची परवानगी नाही. म्हटलं, मला नाही? बावीस वर्षांनी? खाली "पुढे चला" लिहिलं होतं. त्यावर दाबलं. गेले.

आणि मग तुमच्या फायलींची नावं पाहून मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मग थांबेना. शहाण्या माणसानं तारीख लिहिली असती, नवरदेवाचं नाव लिहिलं असतं. तुम्ही काय लिहिलंत? "जिलबी संपली". "मामा रुसला". "मंडप उडाला, परत बांधला". "नवरी हसायची थांबत नाही". आसेगावच्या नावानं शोधलं तर चार निघाल्या, त्यातली सगळ्यात जुनी, "आसेगाव, घोडी बसली".

उघडली. वरात आसेगावच्या रस्त्यात थांबलेली. नवरदेवाची घोडी खरंच रस्त्यात बसलेली, उठायला तयार नाही. लोक तिला हात लावताहेत, कोणी चणे दाखवतंय. बँडवाले दमून उभे. आणि गर्दीतून पिवळ्या लुगड्याची एक बाई कडेवर लेकरू घेऊन कॅमेऱ्याकडे चालत येताना दिसली. मी झटकन बंद केलं. चेहरा नीट आला नव्हता, पण मला कळलं होतं. हे आधी बघायचा हक्क माझा नव्हता.

पौर्णिमा शनिवारी आली, अमरावतीहून, ड्यूटी करून तशीच. मी तिला तुमच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. माउस तिच्याच हातात दिला. "तूच लाव," म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लावलं.

पिवळ्या लुगड्याची सुनंदा गर्दीतून येते. झपझप, थोडी एका अंगानं झुकून, कारण दुसऱ्या अंगाला लेकरू आहे. थेट कॅमेऱ्यापुढे येऊन उभी राहते आणि कमरेवर हात ठेवून म्हणते, "ओ फोटोवाले, घोडीचा कायले फोटो काढून राह्यले? थे काय लगन करून राह्यली? माह्या पोरीचा काढा. पाहा कशी हासते!" आणि कडेवरचं लेकरू कॅमेऱ्याच्या तोंडाशी आणते. बोळकं तोंड, काजळाचा मोठा टिक्का, हातानं कॅमेरा धरायला बघणारं. ती पौर्णिमा. आणि कॅमेऱ्याच्या मागून एक आवाज येतो, "हो वहिनी, काढतो, काढतो. धरा नीट."

तो तुमचा आवाज. मी त्याची तयारी केली नव्हती. सगळं लक्ष सुनंदावर, आणि तुम्ही मागून बोललात. पंचविशीतले तुम्ही, घाईतले, हसू दाबणारे. तुमचा आवाज मी रोज ऐकला, म्हणून कधी ऐकलाच नव्हता. मी स्टूल घट्ट धरून बसले.

मग बँडवाल्यांनी परत ठेका धरला आणि सुनंदा लेकरासकट नाचायला लागली, आणि घोडी उठली. लोक ओरडले. सुनंदानं मागे वळून घोडीला म्हटलं, "आता कशी उठली!" चित्र तिथे संपलं.

पौर्णिमानं माउस सोडला नाही. मग तिनं परत लावलं. परत लावलं. तिसऱ्या वेळी फक्त आवाजाकडे लक्ष देऊन, डोळे मिटून ऐकलं.

"काकू," ती म्हणाली, "हा आवाज तं माहा हाय."

खरंच होता. मला आधी कळलं नव्हतं. तोच जाडसर, तोच शेवटी वर जाणारा. पौर्णिमा उठली, खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून गेली आणि वळून मला विचारलं, "अन् चालते बी अशीच काय मी?"

"अशीच," मी म्हटलं. "एका अंगानं झुकून."

"दवाखान्यात हासतात मले त्याच्यावरून," ती म्हणाली आणि इतकी हसली की रडायला लागली. मी तिला धरलं. मला आणि तिला मिळून जे रडायचं होतं, ते तुमच्या खुर्चीपाशी रडून झालं. शब्द तुमचा होता. तो पाळला गेला, लग्नाच्या आत. आता तुम्ही निवांत असा.

दुसऱ्या कॉपीचं भांडण मात्र मी जिंकले, हे लक्षात ठेवा. त्याच दिवशी सगळं आणखी एका मोठ्या डिस्कवर उतरवायला लावलं आणि ती अमोलकडे पुण्याला पाठवून दिली. पण दुसऱ्या एका भांडणात तुम्ही जिंकलात. मी तुम्हाला किती बोलायची, घोडी बसली तर कॅमेरा बंद करायचा ना, कॅसेट कायले खर्च करता! तुम्ही म्हणायचे, "लगन तं सगळ्याइचं सारखंच असते रत्ना. मधातलंच येगळं असते." त्या रस्त्यात तुम्ही कॅमेरा बंद केला असता तर पौर्णिमाला आई मिळाली नसती. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मिळालं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही वर्षभर मिरवलं असतं एवढंच. मिरवू दिलं असतं मी.

पौर्णिमाचं लग्न आपल्या विहाराच्या अंगणात झालं. वंदना झाली, हार घातले, आणि जेवणाच्या आधी तिनं स्वतः माईक घेऊन सांगितलं की माझी आई लग्नाला आली आहे, तिला भेटून घ्या. प्रोजेक्टर लागला आणि पांढऱ्या भिंतीवर सुनंदा मोठी होऊन आली. आसेगावची माणसं पुढे सरकली. मग तो मामा, तेव्हाचा नवरदेव, आता केस पिकलेला, उठून उभा राहिला आणि भिंतीकडे बोट करून ओरडला, "हे पाहा माही बहीन!" आणि सगळ्या अंगणात टाळ्या पडल्या. घोडी उठल्यावर पोरंटोरं ओरडली, "परत लावा! परत लावा!" परत लावलं. शांताआत्या माझ्या बाजूला होत्या, शेजारणीला सांगत होत्या, "थो मागून बोलते ना, थो आमचा सुखदेव."

आणि मी कुठे होते? कॅमेरा धरून. हळदीचा नाही, मंडपातला, मोठा, तुमचा. पट्टा मला लांब पडत होता, गाठ मारून आखूड केला. नवरीकडून एकदा लक्ष काढून मी तो टाळ्या वाजवणाऱ्या आसेगावच्या बायकांवर धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला. खांदा दुखला. तुमचा खांदा का दुखायचा, ते कळलं.

रात्री घरी झोप येत नाही तेव्हा तुमची आठवण येते, ती येणारच. दिवसा मात्र स्टुडिओ उघडा असतो. काल सकाळी मी चहा घेत होते तर दारात मोटरसायकल थांबली. लांबच्या गावचा माणूस, मुलाचं लग्न ठरलेलं, तुमचं नाव ऐकून आलेला. तुम्ही गेल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं हाक मारली, "फोटोवाले हायत काय घरी?"

मी कप खाली ठेवला.

"हाय," म्हटलं. "या ना आत. लगन कुठी हाय?"